दवाखाना तलावावर गेला आहे

आमच्याकडं निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही. 'येतो' म्हणतात, आणि घरचा माणूस 'या' म्हणतो. दवाखान्यातून बरा होऊन निघालेला माणूसही सवयीनं तेच म्हणायचा, "येतो साहेब." त्यावर आमचे डॉक्टर दोन्ही हात जोडून सांगायचे, "येऊ नका."

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, काहीतरी भांडण झालं असावं. त्या वेळी निघालेल्या म्हाताऱ्यालाही तसंच वाटलं असणार. तो पागोटं सावरत दारातच घुटमळला. डॉक्टर काही समजावून सांगायच्या भानगडीत पडले नाहीत. त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला फाटकापर्यंत सोडायला गेले आणि तिथं पुन्हा एकदा तेच म्हणाले. वर्ष-दोन वर्षांत पंचक्रोशीला या बोलण्याची सवय झाली. पुढं तर एखादा पेशंट निघताना डॉक्टर कामात असले, तर तो बाकावर बसून राहायचा. साहेबांनी 'येऊ नका' म्हटल्याशिवाय त्याला निघावंसंच वाटायचं नाही.

मी पुणतांब्याची. गोदाकाठची, कॅनॉलच्या पाण्यात पाय सोडून वाढलेली. नर्सिंग पुरं करून पहिलीच नोकरी लागली ती शेवगावच्या पुढं, पार पूर्वेला, जिथं एसटीतून उतरल्यावर पहिल्यांदा डोळ्यांत धूळच जायची. नगरमधल्या काही भल्या लोकांनी ट्रस्ट करून तिथं दवाखाना बांधला होता. दगडी भिंती, वर पत्रा, एक लांब वॉर्ड आणि त्यात लोखंडी कॉट. प्रत्येक कॉटच्या डोक्याशी देणगी देणाऱ्याच्या घरातल्या गेलेल्या माणसाचं नाव निळ्या रंगानं लिहिलेलं.

डॉक्टर पन्नाशीच्या पुढचे. उंच, अंगानं भरलेले. चालायला लागले की पायाखालची फरशी हलते की काय असं वाटायचं. बायको फार लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. नगरला त्यांची प्रॅक्टिस चांगली चालायची. ती टाकून इथं का आलात, असं कुणी विचारलं की प्रत्येकाला वेगळं उत्तर मिळायचं. तलाठ्याला त्यांनी सांगितलं होतं, नगरला भाकरी चांगली मिळत नाही. शाळेच्या हेडमास्तरांना सांगितलं, तिथं डास फार. मला सांगितलं, "सिस्टर, तिथं मी एकाच माणसाला दर पावसाळ्यात तेच औषध द्यायचो. तो कंटाळत नव्हता, मी कंटाळलो." हे मात्र खरं असावं असं मला वाटतं.

ते सगळ्यांना 'अहो' म्हणायचे. सरपंचांना, झाडूवाल्याला, तान्ह्या पोरांनासुद्धा. "अहो, तोंड उघडा बघू," असं कुशीतल्या पोराला इतक्या गंभीरपणे सांगायचे की त्या पोराची आई लाजायची. वॉर्डातली एखादी कॉट रिकामी झाली की चहाचा कप घेऊन ते तिच्यावर जाऊन बसायचे. सगळा चहा निवांत संपवायचे. मोकळी कॉट ही त्यांच्या लेखी सणासारखी गोष्ट होती. ट्रस्टचे अध्यक्ष नगरहून आले आणि वॉर्ड अर्धा रिकामा बघून नाराज झाले, तेव्हा डॉक्टरांना त्यांची नाराजी खरंच कळली नाही. दवाखाना भरलेला असावा असं कुणाला का वाटावं, हे ते मला नंतर कितीतरी वेळ विचारत होते.

लोकांना हवी असायची सुई. सुई टोचली नाही तर दवाखान्यात गेल्यासारखं वाटायचं नाही. आणि डॉक्टर उगाच सुई द्यायला तयार नसायचे. सर्दीला गरम पाणी, जुलाबाला मीठ-गुळाचं पाणी, अशक्तपणाला शेंगदाणे. माणसं कुरकुरत निघून जायची आणि शेवगावात जाऊन टोचून यायची. त्यांना बाहेर 'पाणी पाजणारा डॉक्टर' म्हणतात हे मी दबकत सांगितलं, तर म्हणाले, नाव वाईट नाही.

मग त्यांच्या डोक्यात आलं की लोक दवाखान्यात येत नाहीत, पण बाजारात सगळे येतात. म्हणून एका आठवडे बाजारी ते काटा घेऊन गेले आणि कांदेवाल्याच्या शेजारी लिंबाच्या फांदीला तो टांगला. लहान मुलांची वजनं करायची, जी वाढत नाहीत ती आजारी पडायच्या आधीच शोधायची, असा बेत. बेत चांगला होता, पण एक आई पुढं येईना. पोर काय ज्वारी आहे का तोलायला? तोललेल्या पोराला दृष्ट लागते, ते खुरटतं, अशी सगळ्यांची पक्की समजूत. डॉक्टर दर बाजाराला जायचे आणि रिकाम्या काट्याखाली बसून राहायचे. मी शेजारी छत्री धरून. एकदा पोरं जमवायला म्हणून ते धान्याच्या मोठ्या काट्यावर स्वतःच चढून बसले, आणि काट्याची साखळी तुटून धुळीत आदळले. सगळा बाजार हसला. तेही हसले, पण संध्याकाळी कंबर धरून चालत होते.

त्या हसण्याचा राग आला तो एकाच बाईला. सोनाबाई तिचं नाव. बौद्धवाड्यात राहायची. गावातली निम्मी माणसं तिच्या हातांवर जन्मलेली. दवाखाना झाल्यापासून आमच्याशी तिचं जमत नव्हतं. बाळंतपणाला बायका आमच्याकडं आल्या तर तिचा मान गेला, असं तिला वाटायचं. डॉक्टर तिच्या घरी जाऊन गुळाचा चहा पिऊन आले होते, दवाखान्यात या, बाळंतिणीच्या उशाशी तुम्हीच उभ्या राहा, असं म्हणाले होते. तिनं चहा दिला, होकार दिला नव्हता. पण एवढा शिकलेला माणूस धुळीत पडतो आणि लोक दात काढतात, हे तिला पाहवलं नाही. पुढच्या बाजारी ती नात काखेला मारून आली. काट्याच्या आकड्याला तिनं बिब्बा बांधला. मग कमरेची काजळाची डबी काढून बोट भरवलं आणि सगळ्यांसमोर डॉक्टरांच्या गालावर ठळक तीट लावली.

"दृष्ट लागायचीच आसंल," ती बाजाराकडं बघत म्हणाली, "तर आदी ह्यांना लागंल. एवढं मोठं दुसरं कोन हाय हितं?"

आणि नातीला काट्यात बसवलं. तिच्यामागून दुसरी आई आली, मग तिसरी. डॉक्टर ती तीट न पुसता दवाखान्यात आले, तशीच राउंड घेतली. त्यानंतर बाजाराच्या दिवशी त्यांना तीट लावल्याशिवाय काटा हलायचा नाही. सोनाबाई दवाखान्यातही येऊ लागली. नखं कापायला आणि हात साबणानं धुवायला ती आधी कुरकुरली, मग तिनं मलाच दरडावायला सुरुवात केली.

असं सगळं बरं चाललं होतं, आणि पाऊस गेला. एक वर्ष कसंबसं निघालं, दुसऱ्या वर्षी विहिरींचे तळ उघडे पडले. सरकारनं दुष्काळी कामं काढली. दीड-दोन कोसांवर पाझर तलावाचं काम निघालं आणि आजूबाजूची गावंच्या गावं तिकडं माती उपसायला, खडी फोडायला गेली. ज्यांच्या घरी गडी राबायचे त्या घरच्या सुनाही डोक्यावर पाटी घेऊन गेल्या. आमचा वॉर्ड रिकामा होत गेला. डॉक्टर एका कॉटवरून दुसऱ्या कॉटवर बसून चहा पीत होते. मलाही वाटलं, जरा उसंत मिळाली.

एका दुपारी तलावावरून एक बाई आली. पदराखाली मूल होतं. मी ते घेतलं आणि हातालाच कळलं. जुलाब होत होते चार दिवस, ती म्हणाली, पण इथं यायचं तर दिवसाची हजेरी बुडते. मूल वाटेत कधी गेलं तिला समजलं नव्हतं. डॉक्टरांनी ते माझ्याकडून घेतलं आणि बराच वेळ तपासलं. तपासण्यासारखं काही नव्हतं हे त्यांना माहीत होतं. ती माउली समोर उभी होती आणि त्यांचे हात थांबले की तिला कळणार होतं, म्हणून ते थांबत नव्हते.

ती गेल्यावर ते वॉर्डात येऊन उभे राहिले. कुठं बसले नाहीत.

"सिस्टर," ते म्हणाले, "या सगळ्या कॉट खोट्या मोकळ्या आहेत. आणि मी मूर्खासारखा चहा पीत बसलो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चालत तलावावर गेले, संध्याकाळी आले आणि म्हणाले, दवाखाना तिकडं न्यायचा. मी म्हटलं, पेटी घेऊन रोज जाऊन येऊ. ते म्हणाले, पेटी नव्हे, दवाखाना. कॉट, स्टोव्ह, काटा, सगळं. न्यायचं कसं, हा प्रश्न होता. बैल गुरांच्या छावणीत गेलेले, जे उरले त्यांच्या बरगड्या मोजाव्यात. मग सोनाबाईनं तलावावर शब्द टाकला. कामाची सुट्टी झाल्यावर पन्नासएक बायका सरळ दवाखान्यात आल्या. दिवसभर माती वाहिलेल्या. त्यांनी पुन्हा चुंबळी केल्या, एका कॉटला दोघी-दोघी लागल्या आणि कॉट उलट्या करून डोक्यावर घेतल्या. चारी पाय वर आभाळाकडं करून त्या लोखंडी कॉटांची रांग मावळतीच्या उजेडात माळावरून चालली होती. डॉक्टरांनी एक कॉट एकट्यानं घेतली होती. माझ्याकडं स्टोव्ह आणि सुया उकळायचं भांडं. निघायच्या आधी डॉक्टरांनी दाराला कुलूप घातलं आणि खडूनं दारावर लिहिलं, 'दवाखाना तलावावर गेला आहे.'

तिथं चटयांची एक लांब झोपडी मिळाली. आजाऱ्यांसाठी थोड्या कॉट आडव्या ठेवल्या. बाकीच्या डॉक्टरांनी दोन-दोन उभ्या करून, वरती एकमेकींना टेकवून काथ्यानं बांधल्या, त्यांच्यामधून बांबू घातले आणि बांबूंना झोळ्या टांगल्या. कामावरच्या बायकांची तान्ही पोरं तोवर उन्हात, खडीच्या ढिगाशेजारी पडलेली असायची. आता ती सावलीत झोळीत झोपू लागली. एका चुलीवर ज्वारीच्या पिठाची, गूळ आणि शेंगदाण्याचा कूट घातलेली पेज रटरटायची. ती ढवळायची सोनाबाई, आणि तिथंच अडलं. काही घरच्या बायका पोरांना झोळीत ठेवायच्या, पण सोनाबाईच्या हातची पेज नको म्हणायच्या. डॉक्टरांनी भाषण केलं नाही. रोज वाडगं घेऊन ते चुलीपाशी मांडी घालायचे, सोनाबाईकडून पहिली वाढ घ्यायचे आणि फुंकर घालत सगळ्यांच्या देखत सावकाश खायचे. पहिले काही दिवस पंगतीला फारसं कुणी नसायचं.

यमुना नावाची एक सून होती, चांगल्या बागायतदार घरची. तिची वर्षाची मुलगी. यमुनेची सासूही कामावर असायची, आणि सासूनं बजावलेलं की पोरीच्या तोंडात तिथलं काही जाता कामा नये. एका भर दुपारी यमुना पाटी टाकून पळत आली. मुलीला सकाळपासून जुलाब. डोळे खोल गेलेले, लघवी बंद, रडायचा आवाज निघेना. सलाईनच्या बाटल्या संपलेल्या. डॉक्टरांनी मीठ-गुळाचं पाणी करायला सांगितलं आणि ती मुलगी सोनाबाईच्या मांडीवर दिली. तेवढ्यात सासू येऊन झोपडीच्या तोंडाशी उभी राहिली. यमुनेचे हात आपोआप मुलीकडं गेले.

डॉक्टर दुसऱ्या पेशंटजवळ होते. तिथूनच म्हणाले, "अहो सासूबाई, हिला आता दर मिनिटाला चमचाभर पाणी जायला हवं, संध्याकाळपर्यंत, न थांबता. सूनबाई थरथरतायत. मला आणि सिस्टरना बाकीचे आजारी आहेत. न थरथरणारे हात या झोपडीत एवढेच आहेत. नको असतील तर सांगा."

म्हातारी उभीच होती. उन्हातून आलेली, घामानं निथळलेली. मुलीनं मान टाकल्यासारखी केली. मग म्हातारी खाली बसली आणि सोनाबाईला म्हणाली, "पाज, बाई. थांबू नगं."

सोनाबाईनं चमचा चमचा पाजलं. मूल ओकलं की थोडं थांबायचं, पुन्हा पाजायचं. ऊन कललं तरी ती जागची हलली नाही. सासूही नाही. आणि दिवस मावळायच्या बेताला सोनाबाई एकदम म्हणाली, "मुतली. माजं सारं लुगडं भिजवलं हिनं."

डॉक्टरांनी येऊन ते ओलं लुगडं हातानं चाचपून बघितलं, दागिना बघावा तसं. मग ते हसायला लागले, आणि ती सासू, आणि यमुना रडता रडता. दुसऱ्या दिवशी दुपारी सासूनं स्वतः येऊन वाडगं पुढं केलं. त्यानंतर चुलीपाशी डॉक्टरांना बसायला जागा राहिली नाही.

याच सुमाराला ट्रस्टचे अध्यक्ष काही देणगीदारांना घेऊन दवाखाना दाखवायला आले. आले तर दाराला कुलूप आणि वर खडूनं लिहिलेलं. त्यांची जीप तलावावर आली तेव्हा मी एका पोराचं गळू फोडत होते. अध्यक्ष सज्जन माणूस होते, पण त्यांच्याबरोबर पाहुणे होते आणि त्यांची फार शोभा झाली होती. कॉट उभ्या बांधलेल्या बघून ते लाल झाले. दवाखाना बांधून दिलाय, जत्रा भरवायला दिलेला नाही, आठ दिवसांत सगळं सामान परत जागेवर लावा, नाहीतर आम्हाला दुसरा डॉक्टर बघावा लागेल, असं त्यांनी सगळ्यांसमोर सुनावलं.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "कॉट न्या साहेब," ते म्हणाले. "त्या तुमच्याच आहेत. ट्रक पाठवा, मी स्वतः चढवून देतो. पोरांना जमिनीवर खड्डे करून झोपवू. मी मात्र इथून हलणार नाही, कारण माणसं इथं आहेत."

या बोलाचालीत कुणाचं लक्ष नव्हतं, पण पाहुण्यांतल्या एक वृद्ध बाई कॉटांवरची नावं वाचत हिंडत होत्या. नऊवारी, चष्मा, हातात रुमाल. एका उभ्या कॉटपाशी त्या थांबल्या. तिच्यावरचं नाव त्यांच्या मुलीचं होतं. ती मुलगी लहानपणीच गेली, हे त्यांनीच मला सांगितलं. कसल्या आजारानं ते सांगितलं नाही. त्या कॉटला टांगलेल्या झोळीत यमुनेची मुलगी होती, आता चांगली डोळे उघडून बघणारी. यमुनेला पेज आणायला जायचं होतं. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

"आजी, जरा दोरी धरता का?" ती म्हणाली, आणि दोरी त्यांच्या हातात देऊन निघून गेली.

त्या दोरी ओढत राहिल्या. जीपचा हॉर्न वाजला तरी सोडली नाही, यमुना आल्यावरच सोडली. मग जीपमध्ये जाऊन बसल्या. जीपमध्ये काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. आठ दिवसांनी ट्रक आला नाही. त्यानंतरही आला नाही. आलं ते एसटीच्या टपावरून एक गाठोडं, नगरहून. त्यात धुतलेली, जुनी, मऊ सुती लुगडी होती. त्या आजींची आणि त्यांच्या आळीतल्या बायकांची. झोळ्यांसाठी.

तलाव पुरा झाला, पाऊस बरा झाला, माणसं आपापल्या रानात परतली. कॉटही परतल्या. पण डॉक्टर पुन्हा पहिल्यासारखे दवाखान्यात बसले नाहीत. प्रत्येक गावानंच निवडलेल्या दोन-दोन बायका ते शिकवून तयार करू लागले. वजन करणं, पाणी पाजणं, जखम धुणं, गरोदर बाईचे पाय सुजले तर वेळेत पाठवणं. यमुना त्यातली एक. तिला सासूच घेऊन आली होती. मुलं मग पहिल्यासारखी मरेनाशी झाली. हे एकदम झालं नाही, पण झालं.

माझं लग्न त्याच गावातल्या एका शिक्षकाशी झालं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून आई पुणतांब्याहून न्यायला आली. मी म्हटलं, मी इथंच राहणार. आई फार रागावली. या फुफाट्यात, परक्या माणसांत कसलं बाळंतपण. शेवटी तीच राहिली. मला कळा सुरू झाल्या त्या सकाळी. दवाखान्यात आत सोनाबाई होती आणि हाताखाली यमुना. आई बाहेर व्हरांड्यात, डॉक्टरांबरोबर. त्यांच्यासमोर ओल्या शेंगांची पाटी होती आणि ते शेंगा सोलत होते. आईनं हे सगळं मला नंतर सांगितलं.

तिला ते काही पटेना. पोटची पोर आत कण्हतेय आणि एवढा मोठा डॉक्टर बाहेर शेंगा सोलतोय. तिनं दोन-तीनदा विचारलं, "डाक्टर, तुमी आत का न्हाई जात?"

"माझी गरज लागली तर त्या हाक मारतील," ते म्हणाले. "हाक आली नाही म्हणजे सगळं नीट चाललंय."

आईनं देवाचं नाव घेतलं आणि तीही शेंगा सोलायला लागली. दुपार झाली. आतून कुणी हाक मारली नाही. मग बाळाचं रडणं ऐकू आलं आणि आई ताडकन उठली. डॉक्टर उठले नाहीत. तिनं वळून बघितलं तर ते खांबाला मान टेकवून, मांडीवर शेंगांची टरफलं तशीच ठेवून गाढ झोपलेले होते.

सोनाबाई हात पुसत बाहेर आली. आई डॉक्टरांना हलवायला वाकली होती. सोनाबाईनं तिचा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या," ती हळूच म्हणाली. "पोरगी झालीय. दोघी धड हायत. उठला म्हंजी सांगू."